वडिलांची दारू सोडवायची आहे, हातात अकरा हजार आहेत (सोलापूर)

धोटा | रविवार, रात्री ११.५०

पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

वडील (आम्ही नाना म्हणतो, घरी तेलुगू आहे) ५१ वर्षांचे. पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतात. रोज दोन क्वार्टर देशी, पगाराच्या दिवशी मोजदाद नाही. आई विड्या वळते. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, संध्याकाळी मेडिकल दुकानात काम करतो. बहीण यंदा दहावीला.

तीन वर्षांपूर्वी नानांनी पंढरपूरला जाऊन माळ घातली होती. चौदा महिने थेंब नाही. मग चुलतभावाच्या लग्नात माळ काढून खिशात ठेवली आणि बसले. ती माळ अजून देव्हाऱ्यात आहे.

गेल्या महिन्यात ताप होता म्हणून दोन दिवस प्यायले नाहीत. दुसऱ्या रात्री फीट आली, दातखिळी बसली. शुद्धीवर आल्यावर भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून रात्रभर झटकत होते. गल्लीतल्या डॉक्टरांनी सलाईन लावली. सकाळी स्वतःच जाऊन एक क्वार्टर घेतली आणि म्हणाले, "बघ, आता थरथरतंय का?" हात खरंच थांबले होते.

शेजाऱ्यांनी एका केंद्राचं कार्ड दिलं. महिना पंधरा हजार, कमीत कमी तीन महिने, पहिला महिना आणि पाच हजार डिपॉझिट आधी. फोनवरचा माणूस म्हणाला, "तुम्ही फक्त पत्ता द्या. रात्री गाडी पाठवतो, चार पोरं येतील, उचलून आणतील." आमच्याकडे अकरा हजार आहेत. आई मंगळसूत्र गहाण ठेवायला निघाली आहे. ठेवू द्यावं का? की दुसरा काही रस्ता आहे?

शेंगाचटणी | रविवार, रात्री ११.५८

मंगळसूत्र राहू दे. डिपॉझिट तर अजिबात भरू नकोस. बाकी जाणकार येतीलच, पण आज रात्री यातलं काही ठरवू नका.

रात्रपाळी | सोमवार, पहाटे ४.१०

मी स्टाफ नर्स आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. ड्युटी संपता संपता वाचलं म्हणून लगेच लिहिते.

धोटा, पैशाचं नंतर बघू, आधी फीटचं ऐका. रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली की पहिल्या दिवसात थरथर, घाम, उलट्या सुरू होतात. फीट साधारण पहिल्या दोन दिवसांत येते. त्यानंतर, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या दिवशी, भास होणं, वेळ-जागेचं भान सुटणं. मुंग्या झटकणं म्हणजे तेच. यात माणूस दगावू शकतो. ज्याला एकदा फीट येऊन गेली, त्याला पुढच्या वेळी पुन्हा येण्याची भीती जास्त असते. म्हणून घरी कोंडून किंवा "आजपासून बंद" म्हणून दारू तोडू नका. दवाखान्यात भरती असतानाच तोडायची. तोवर शपथ घालून बंद करायला लावू नका, कितीही विचित्र वाटलं तरी.

दुसरं, सलाईन. गल्लीतल्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावतात आणि पेशंट घरी. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व संपत आलेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. वॉर्डात आम्ही आधी थायमिनचं, म्हणजे त्याच बी-१ चं, इंजेक्शन देतो. डॉक्टरांना "रोज पितात, फीट येऊन गेली आहे, भास झाले होते" हे तीन वाक्यांत सांगायचं. लाजेपायी नुसतं "ताप आहे" सांगतात आणि घोळ होतो.

हे सगळं सरकारी दवाखान्यात होतं. तुमच्याकडे सिव्हिल आहे, मेडिकल कॉलेजचं. मानसोपचारची ओपीडी विचारा.

धोटा | सोमवार, सकाळी ७.१५

आम्ही तापच सांगितला होता.

खडूस_आजोबा | सोमवार, सकाळी ८.०२

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

संपादक मंडळ | सोमवार, सकाळी ८.३०

माणसाला चौकात बांधण्याचे सल्ले इथे चालणार नाहीत. खाते आठवडाभर बंद केले आहे.

वसुधा | सोमवार, सकाळी ९.४०

धोटा, आईला माझा नमस्कार सांग. मीही सोळा वर्षं हेच केलं, मंगळसूत्रासकट.

माझ्या नवऱ्याला मी पुण्याच्या मुक्तांगणला नेलं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं केंद्र, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीतून उभं राहिलेलं. तिथला मुक्काम साधारण पाच आठवड्यांचा असतो. परिस्थिती नसेल तर ती फोनवरच स्पष्ट सांगून सवलत विचारायची. मी विचारली होती. मला वाटलं होतं हाकलतील, पण त्यांनी पगाराची चिठ्ठी आणि रेशनकार्ड आणायला सांगितलं, एवढंच.

पण मला खरा फायदा वेगळाच झाला. तिथे बायकांचा एक गट असतो, सहचरी नावाचा. मी नवऱ्याला भरती करायला गेले होते आणि मलाच कळलं की त्याच्या बाटल्या मोजण्यात, लपवण्यात, त्याच्या साहेबाला "पोट बिघडलंय" सांगण्यात माझीच दहा वर्षं गेली. आईला अशी एखादी जागा मिळायला हवी. नाना सुधारोत न सुधारोत.

लातूरकर | सोमवार, सकाळी १०.२०

एक सोपा उपाय. आमच्या मामाला चहातून पावडर देत होते, त्याला पत्ताच नव्हता. पंधरा दिवसांत वासानंच उलटी व्हायची. पेपरात जाहिरात येते, बाराशे रुपयांत काम झालं. कशाला भरतीबिरती?

रात्रपाळी | सोमवार, सकाळी १०.३५

लातूरकर, हे इथे कुणी करून बघू नये म्हणून स्पष्टच लिहिते. असल्या पावडरीत काय आहे हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. डायसल्फिरम नावाची गोळी असते, तिच्यावर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळतो. ही गोळी डॉक्टर देतात, पण पेशंटला सगळं समजावून, त्याच्या संमतीने, लिव्हर-हृदय तपासून, शेवटच्या दारूनंतर निदान बारा तास जाऊ देऊन. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारूशी तिचा झगडा होऊ शकतो. चोरून दिली आणि पलीकडे माणूस देशी पिऊन बसला, तर तो कुठेतरी गटारीच्या कडेला पडेल आणि कुणाला कारणही कळणार नाही. तुमच्या मामांचं नशीब चांगलं.

लातूरकर | सोमवार, सकाळी १०.५०

बरं. पण मामा वारला, तीन वर्षांनी. लिव्हरनं. तेव्हा पीतच होता परत.

कागदपत्रे | सोमवार, दुपारी १.१५

मी सेतूत बसतो, रोज हेच बघतो. माणसं उपचाराला पैसे नाहीत म्हणून अडत नाहीत, कुठल्या खिडकीवर काय मागायचं हे माहीत नसतं म्हणून अडतात. धोटासाठी लिहितो.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं वेगळ्या खात्याची आहेत, तिथे थोडं शुल्क लागू शकतं. तिथे रेशनकार्ड (पिवळं असो की केशरी) आणि आधार घेऊन समाजसेवा अधीक्षकांना भेटा. हे पद प्रत्येक मोठ्या सरकारी दवाखान्यात असतं आणि बहुतेक पेशंटांना त्याचा पत्ताच नसतो. फी माफी, बाहेरून आणायच्या औषधाची सोय, पुढे कुठल्या केंद्रात पाठवायचं, सगळं तिथून हलतं.

खासगीतच जायची वेळ आली तर धर्मादाय रुग्णालय बघा. राज्याच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानुसार अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मानसोपचार वॉर्ड आहे का ते मात्र आधी विचारा. त्याला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. दाखला आजच टाकून ठेवा, गरज पडेल तेव्हा धावपळ नको.

मग व्यसनमुक्ती केंद्रं. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्था निवासी केंद्रं चालवतात. पाट्यांवर लांबलचक इंग्रजी नाव असतं, तुम्ही फोनवर "सरकारी अनुदानित केंद्र" म्हणा. १४४४६ हा टोल फ्री नंबर त्यासाठीच आहे, जवळचं कुठलं ते सांगतात. केंद्रात फोन करून "राहणं, जेवण, औषध, सगळं मोफत ना?" असं एका वाक्यात विचारा आणि उत्तर देणाऱ्याचं नाव लिहून घ्या. नानांशी कसं बोलायचं हेच सुचत नसेल तर १४४१६, टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. मराठीत बोलतात.

आकडेमोड | सोमवार, दुपारी ३.००

विम्याचं मी सांगतो, त्यात काम केलंय. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेले मानसिक आजार "मानसिक आजारा"तच धरलेत. विमा शारीरिक आजारासारखाच द्यावा असंही त्यात आहे. आणि तरीही बहुतेक पॉलिसींच्या वगळलेल्या गोष्टींच्या यादीत व्यसनाचे उपचार बाराव्या नंबरवर छापलेले सापडतील. त्यामुळे कुणी एजंट "आज पॉलिसी घ्या, महिन्याने भरती करा" म्हणाला तर पैसे घालवू नका.

कारखान्यात ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापतात का? पगार २१ हजारांच्या आत असेल तर कार्ड असायला हवं. दवाखानाही मिळतो आणि आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के रक्कमही, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत.

धोटा | सोमवार, रात्री १०.४५

ईएसआयला दहा कामगार लागतात. नानांच्या कारखान्यात कागदावर नऊ आहेत. प्रत्यक्षात मी मोजले नाहीत, पण चहा चौदा जणांचा येतो.

आईचा विडीचा पीएफ आहे.

कागदपत्रे | सोमवार, रात्री ११.०५

चौदा कप 😀 नेहमीचंच.

पीएफमधून घरच्यांच्या आजारपणासाठी उचल मिळते, परत फेडावी लागत नाही. आईचं आधार, बँक आणि पीएफमधलं नाव एकसारखं आहे का ते बघा. तेलुगू आडनावांची स्पेलिंगं तीन ठिकाणी तीन असतात आणि अर्ज तिथेच आपटतो. शेवटचा मार्ग म्हणून ठेवा. ते म्हातारपणाचे पैसे आहेत.

आणि कृपया, आठवड्याच्या हप्त्यावालं कर्ज काढू नका. काढायचंच तर आईच्या बचत गटातून.

जुना_बेवडा | सोमवार, रात्री ११.३०

बाळा, मी अकरा वर्षं कोरडा आहे. त्याआधी एकवीस वर्षं ओला. तीनदा केंद्रात गेलो, त्यातलं एक तुझ्या त्या कार्डावरच्या जातीचं होतं. मलाही रात्री उचललं होतं. मुंडण केलं, पहिले तीन दिवस खाटेला बांधलं, घरच्यांना एक महिना भेटू दिलं नाही. डॉक्टर बघायला मिळाला नाही. औषध एका पोरानं दिलं, तो स्वतः सहा महिन्यांपूर्वीचा पेशंट. बाहेर आलो त्या संध्याकाळी घरी न जाता आधी गुत्त्यावर गेलो. राग होता ना. बायकोनं त्यासाठी चाळीस हजार भरले होते.

म्हणून केंद्र कसं ओळखायचं ते सांगतो. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी दाखवा म्हणायचं. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून कितीदा येतात, फीट आली तर रात्री कुठल्या दवाखान्यात नेता, घरच्यांना भेटू देता का, आत चक्कर मारून बघू का. जो चक्कर मारू देत नाही तिथे माणूस ठेवायचा नाही. आणि "उचलून आणतो" म्हणाला की फोन ठेवायचा. कायद्यात इच्छेविरुद्ध भरतीला वाट आहे, पण त्याला एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर किंवा त्या क्षेत्रातला जाणकार, अशा दोघांनी वेगवेगळं तपासून लिहून द्यावं लागतं, आणि तीही ३० दिवसांपर्यंतच. गाडीतली चार पोरं त्यात कुठेच बसत नाहीत.

माझी शेवटी सुटली ती एए मध्ये. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. फी शून्य. सभासद व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा. शेवटी एक थैली फिरते, वाटलं तर दहा रुपये टाक, नाही तर पुढे सरकव. पण मीसुद्धा आधी सरकारी दवाखान्यात नऊ दिवस भरती होतो, हे विसरू नको. मीटिंगनं फीट थांबत नाही.

वसुधा | मंगळवार, सकाळी ८.१५

जुना_बेवडा, पटलं. फक्त "शेवटी एए नेच सुटते" असा सूर नको. कुणाची गोळीनं सुटते, कुणाची माळेनं, आमच्या ह्यांची पाच आठवडे आणि मग आठ वर्षांच्या फॉलोअपनं. देवाचं नाव घ्यावं लागतं म्हणून हे एए मधून उठून आले होते.

जुना_बेवडा | मंगळवार, सकाळी ८.४०

मान्य ताई. तिथे "आपल्याला समजेल तसा देव" म्हणतात. मी सहा महिने एस.टी. स्टँडला देव मानला होता, कारण मला रात्री तिथूनच कुणीतरी घरी आणायचं.

धोटा | बुधवार, रात्री ११.२०

नानांशी बोललो. म्हणजे बोलावं लागलंच नाही.

आज कारखान्यात मागावरच्या सुताची तार तुटली. तुटलेली तार शोधून गाठ मारायची असते, नानांना ते डोळे मिटून येतं, मी लहान असताना डब्बा द्यायला गेलो की बघत बसायचो. आज सकाळी घेतली नव्हती म्हणून हात थरथरत होते. चार वेळा गाठ सुटली. शेजारच्या मागावरच्या पोरानं येऊन मारून दिली. तो पोरगा नानांनीच शिकवलेला. घरी येऊन आईला म्हणाले, "दवाखान्यात जाऊ."

रात्रपाळीताईंनी सांगितलं होतं म्हणून रात्री एक क्वार्टर मीच आणून दिली. दुकानातून निघताना कुणी बघेल म्हणून पिशवीत वही घातली. हे लिहायची लाज वाटते.

रात्रपाळी | गुरुवार, पहाटे ५.३०

लाज वाटायचं कारण नाही. सकाळी केस पेपर काढताना शेवटची कधी घेतली, किती घेतली, ते तासासकट सांगा. औषधाचा डोस त्यावरून ठरतो.

धोटा | शनिवार, दुपारी २.१०

सिव्हिलला दाखल केलं. तीन वाक्यं सांगितली, तशीच. फीट सांगितल्यावर लगेच भरती. थायमिनचं इंजेक्शन आणि झोपेची गोळी सुरू आहे, गोळी रोज थोडी कमी करणार म्हणाले. दुसऱ्या रात्री बडबडले, पण फीट आली नाही.

कागदपत्रे, समाजसेवा अधीक्षक सापडले. रेशनकार्ड बघितलं, सही दिली.

सोबत एक माणूस लागतो. आई थांबलीय. बसून काय करायचं म्हणून तेंदूपानं कापायला घेऊन गेली होती, सिस्टरनी हाकललं.

शेंगाचटणी | शनिवार, दुपारी २.३०

व्यसनमुक्तीच्या वॉर्डात विड्यांची पानं 😀 आईला सलाम.

रात्रीचा डबा मी पाठवतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. लाजू नकोस, मी पूर्व भागातच राहतो.

आकडेमोड | शनिवार, सायंकाळी ६.००

धोटा, तू सहज लिहून गेलास, पण खर्च तिथेच आहे. उपचार फुकट असले तरी भरतीचे सगळे दिवस आईच्या विड्या बंद आणि नानांचा पगार बंद. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत निघालं होतं की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांतल्या एकालाच कसलाही उपचार मिळतो, आणि भरती होऊन उपचार मिळतो तो १८० मध्ये एकाला. लोक म्हणतात जागृती नाही. मला वाटतं, बुडणारी मजुरी मोजूनच माणसं घरी बसतात.

मुळेगावचा | शनिवार, रात्री ९.००

सगळे पेशंटला धरून बसलेत. गुत्ता कोण बंद करणार? आमच्या तांड्यावर २०२१ मध्ये ग्रामीण पोलिसांनी ऑपरेशन परिवर्तन काढलं, हातभट्टी सोडून दुसरा धंदा लावून द्यायचा. तेजस्वी सातपुते मॅडम पोलीस अधीक्षक होत्या तेव्हा. काहींनी खरंच सोडली. पण पिणारा तिथून उठला की देशीच्या दुकानात जातो, ते तर लायसनचं.

वसुधा | शनिवार, रात्री ९.२५

गडचिरोलीत दारूबंदी १९९३ पासून आहे, आणि तरी डॉ. बंगांना २०१६ मध्ये मुक्तिपथ ही दारू-तंबाखूविरोधी मोहीम सुरू करावी लागली. पण त्यात त्यांनी तालुक्यात आणि गावात उपचाराचे दवाखाने भरवले, हे मला महत्त्वाचं वाटतं. दुकान बंद केलं तरी थरथरणारे हात राहतातच. (अवांतर थांबवते, नाहीतर धागा दारूबंदीच्या मतदानावर, उभी बाटली-आडवी बाटलीवर जाईल.)

धोटा | पुढचा शनिवार, रात्री १०.००

नाना घरी आले. नऊ दिवस. हिशोब लिहितो, कुणाला उपयोग होईल:

बाहेरून दोन तपासण्या आणि एक औषध १,३४०. रिक्षा ६२०. डबे शेंगाचटणीदादांनी पैसे घेतले नाहीत, तरी चहा-बिस्किट-फळं ७००. एकूण २,६६०. आईची आणि नानांची बुडालेली मजुरी धरली तर साडेसात हजारांच्या वर जातं. अकरा हजारांत बसलं, मंगळसूत्र गळ्यात आहे.

आणि एक. नाना रोज दीडशेची प्यायचे. म्हणजे महिन्याला साडेचार हजार. हे आम्ही कधी महिन्यानं मोजलंच नव्हतं.

आता प्रश्न पुढचा. डॉक्टर म्हणाले, अनुदानित केंद्रात महिनाभर राहिले तर उत्तम. १४४४६ वरून शेजारच्या जिल्ह्यातलं एक कळलं, मोफत आहे, पण तीन आठवड्यांनी जागा. नाना म्हणतात कामावर जातो. मालकाची वीस हजार उचल घेतलेली आहे, ती दर आठवड्याला कापतात. महिनाभर गेले नाहीत तर मालक दुसरा माणूस लावेल.

वसुधा | रविवार, सकाळी ९.००

महिना द्या त्यांना. फक्त त्यांच्यासाठी नाही, तुमच्यासाठीही. बहिणीची दहावी आहे. तो महिना घरात कुणी दार वाजवलं तर छातीत धस्स होणार नाही, हे तुम्ही विसरूनच गेला असाल.

जुना_बेवडा | रविवार, सकाळी ९.३०

मी उलटं म्हणेन. काम गेलं तर हा माणूस दिवसभर घरात बसणार, आणि रिकामा दिवस माझ्यासारख्याला फार लांब असतो. जागा मिळेपर्यंत कामावर जाऊ दे, ओपीडीची तारीख चुकवू नको, संध्याकाळी मीटिंग. जागा आली की तेव्हा बघा. पण पगार हातात देऊ नका. पगाराची संध्याकाळ ही आपली खरी परीक्षा.

रात्रपाळी | रविवार, सकाळी ११.१०

दोन्ही चालतं. भरतीच व्हायला हवं असं नाही. ओपीडीत ओढ कमी करणाऱ्या गोळ्या असतात, नालट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट, कुणाला कुठली ते डॉक्टर लिव्हर बघून ठरवतात. पहिले तीन महिने तारीख चुकवायची नाही, बरं वाटलं तरी.

धोटा | सहा आठवड्यांनी, सोमवार, रात्री १२.३०

धागा वर आणतोय.

एकेचाळिसाव्या दिवशी प्यायले. मधे केंद्रातून फोन आला होता, नाना नाही म्हणाले, काम चाललंय ना म्हणून आम्हीही जोर केला नाही. काल मालकानं जादा ऑर्डरचे पैसे रोख दिले, आईच्या हातात नाही, त्यांच्याच. रात्री अकराला आले. बहीण अभ्यास सोडून आत गेली आणि कडी लावली. आईनं देव्हाऱ्यातली माळ काढून त्यांच्या अंगावर फेकली. आता सगळं पहिल्यापासून? परत नऊ दिवस?

जुना_बेवडा | सोमवार, रात्री १२.४२

जागाच आहे. किती प्यायला? आज प्यायला का?

धोटा | सोमवार, रात्री १२.४५

काल तीन क्वार्टर. आज नाही. दुपारी उठून बसले, कामाला गेले नाहीत. भिंतीकडे तोंड करून आहेत.

रात्रपाळी | सोमवार, रात्री १.२०

एका रात्रीचं पिणं म्हणजे पहिल्यापासून नाही. पण जुनी फीट आहे, तेव्हा सकाळी ओपीडीत न्याच, तारीख नसली तरी. थरथर, घाम, भास यातलं काही आज रात्री दिसलं तर सकाळची वाट बघू नका, कॅज्युअल्टी. डायसल्फिरम चालू आहे का?

धोटा | सोमवार, रात्री १.२४

नाही. दुसरी गोळी आहे, ती चार दिवस घेतलीच नव्हती. पाकीट मोजलं. मी मेडिकलमध्ये काम करतो आणि घरातलं पाकीट मोजलं नाही.

वसुधा | मंगळवार, सकाळी ७.००

पाकीट मोजायचं काम तुझं नाही. मी बाटल्या मोजल्या, तू गोळ्या मोजशील. नानांना डॉक्टरांसमोर स्वतः सांगू दे. तू बहिणीजवळ बस. आणि आईसाठी अल्-अनॉन बघ, एए च्याच धर्तीवर घरच्यांची सभा असते, तीही फुकट.

धोटा | गुरुवार, रात्री १०.५०

ओपीडी झाली. भरती लागली नाही. नानांनी डॉक्टरांना स्वतः सांगितलं की गोळी बंद केली होती, कारण "बरं झालोय असं वाटलं". केंद्रातल्या जागेसाठी परत नाव दिलं. या वेळी नानाच म्हणाले, दहावीचा पेपर संपला की जातो.

मालकाकडे आई गेली. एकटी. तेलुगूतच बोलली, मालकही आमच्यातलाच. पगार यापुढे तिच्या हातात, आणि उचलीची कपात दोन महिने निम्मी. नाना त्यावरून दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत.

आज संध्याकाळी विचारत होते, ती मीटिंग कुठे असते, तिथे तेलुगू चालतं का.

जुना_बेवडा | गुरुवार, रात्री ११.००

चालतं. आमच्यात दोघे आहेत. पत्ता व्यनि केलाय. साडेसातला सुरू होते, सातला ये म्हणावं, चहा संपतो. पहिल्या दिवशी काही बोलायचं नाही, नुसतं बसायचं. मी दारातच असेन, निळा शर्ट.